साडेसहाचं पाणी

"रोज सकाळी साडेसहाला येशील काय रे भूपा?" अक्का म्हणाली. "हात बरा होईपर्यंतच. बागेला तेवढं पाणी घालून जा की."

तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायरीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. फेब्रुवारीची गोष्ट. तिची मुलगी हेमा बेंगळुरूहून चार दिवस येऊन राहिली होती आणि आता बॅग भरून दारात उभी होती.

"मामा, तुम्हीच सांगा हिला," हेमा म्हणाली. "चल माझ्याकडे म्हणते, तर ऐकायलाच तयार नाही."

"आठव्या मजल्यावर येऊन मी काय करू? खाली बघितलं की गरगरतं मला," अक्का म्हणाली. "इथं माझी झाडं आहेत, नसीम आहे शेजारी. मला काय धाड भरलीय?"

हेमा माझ्याकडे वळली. "तुम्ही रोज येऊन हिला बघून जाणार असाल, तरच मी हिला इथं ठेवते. नाहीतर आत्ता उचलून नेते."

"अगं, मी आहे ना!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "निवृत्त माणूस, रिकामाच तर आहे. रोज येईन. तू निर्धास्त जा."

हेमाचे डोळे भरून आले. अक्काने डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. आठ वर्षं झाली त्याला, पण तो 'रोज' मी केवढ्या मोठ्या आवाजात म्हटला होता ते मला अजून ऐकू येतं.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी शाळेची भाकरी तिनेच बांधली. पुढे लग्न होऊन ती मिरजेला आली आणि मी नोकरीला सांगलीत राहिलो. मधे स्कूटरने पाऊण तासाचा सुद्धा रस्ता नाही. तरी दाजी गेल्यापासून माझं तिच्याकडे जाणं सणासुदीपुरतं झालं होतं. का म्हणून विचाराल तर कारण काहीच नाही. भांडण नाही, तंटा नाही. होईना झालं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी हजर झालो. अक्का मागच्या पायरीवर बसली होती, झोळीत हात अडकवून. मी पाइप धरला आणि तिने तोंडाचा पट्टा सोडला.

"जास्वंदीला खाली घाल, पानावर नको. अरे, बुंध्यात! अबोलीला हळू, माती उडते. त्या लिंबाला पुष्कळ लागतं, तो अधाशी आहे, तुझ्यासारखा."

"मी अधाशी?"

"मग? गुळाचा खडा कोण चोरायचं?"

पाणी घालून झालं की चहा. नळाला गाळण्याचं फडकं बांधलेलं, त्यातून गाळलेल्या पाण्याचा चहा ती डाव्या हाताने करायची. अर्धा ओट्यावर सांडायचा. "थांब, मी करतो," म्हटलं की "बस गप," म्हणायची. मग कपातला चहा संपला तरी तिचं बोलणं संपायचं नाही. दाजींनी चिकूचं कलम कुठून आणलं, हेमा लहानपणी मोगऱ्यामागे कशी लपायची, शेजारच्या नसीमभाभीच्या नातवाला कुठे नोकरी लागली. कुंपणाच्या भिंतीवरून नसीमभाभी कढीपत्ता मागायच्या आणि त्याही दहा मिनिटं त्यात सामील व्हायच्या.

मी घड्याळ बघायचो. खरं सांगतो, सारखं बघायचो. सांगलीत कृष्णेच्या घाटावर आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा कंपू होता. सव्वासातला घाटावर गप्पा रंगात यायच्या आणि मी इथे मिरजेत मोगऱ्यामागे लपलेल्या हेमाची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत बसायचो.

नवव्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "सुलोचना, मी काय माळी आहे काय? पाणी घालायला दहा मिनिटं लागतात आणि माझी अख्खी सकाळ जाते."

"नऊ दिवसांत दमलात?" ती म्हणाली. "त्यांनी तुमचं किती वर्षं केलं?"

"तसं नाही गं. पण यावर उपाय आहे. माणसाला डोकं कशाला दिलंय?"

मी वीज मंडळात मीटर तपासणीच्या खोलीत तेहतीस वर्षं काढली. यंत्र दिसलं की मला हुरूप यायचा. दुपारीच मार्केट यार्डाजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन टायमर समोर ठेवले.

"पाणी नळाचं की टाकीचं?" त्याने विचारलं.

"टाकीचं. बैठं घर आहे, टाकी गच्चीवर."

"मग हा नको. याला आतून पाण्याचा जोर लागतो, तुमच्या टाकीवर हा उघडायचाच नाही. हा दुसरा घ्या. यात चेंडूसारखी झडप असते, मोटर ती फिरवते. थेंबभर दाबावरसुद्धा चालतो. फक्त महिन्यातून एकदा जाळी धुवा, आणि सेल वेळेवर बदला."

"ते मला नका शिकवू," मी म्हणालो.

टायमर घेतला, काळी नळी घेतली, गरगर फिरणारे छोटे फवारे घेतले. एक दिवस खपून सगळं जोडलं. सकाळी साडेसहाला दहा मिनिटं आणि संध्याकाळी सहाला दहा मिनिटं. सेलवर पांढरी चिकटपट्टी लावून तारीख लिहिली, १२ मार्च. ही माझी नोकरीतली सवय. बदललेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

संध्याकाळी सहाला टायमरने खट् केलं आणि फवारे सुरू झाले. मी कमरेवर हात ठेवून अक्काकडे बघितलं.

"आता हेच पाणी घालणार?" तिने विचारलं.

"हेच. रोज. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

"आणि तू?"

"मी कशाला? मी महिन्यातून एकदा येऊन जाळी धुऊन जाईन."

अक्का फवाऱ्यांकडे बघत म्हणाली, "हुशार आहेस हं भूपा. लहानपणापासूनच."

मी खूश होऊन घाटावरच्या कंपूत परतलो. आठ दिवस होतात न होतात तोच सकाळी फोन आला.

"भूपा, तुझं यंत्र बंद पडलं रे. झाडं सुकायला लागली."

धावत गेलो. टेबलावर उप्पीट झाकून ठेवलेलं, वर लिंबाची फोड. अक्का न्हाऊन नीट लुगडं नेसून बसली होती. मी टायमर उघडला. त्याचं झाकण असं घट्ट की मला दोन हातांनी फिरवताना घाम फुटला. आतले सेल मेलेले. नवे सेल आठ दिवसांत मरतात म्हणजे काय! माझी चिकटपट्टीही त्यांच्यावर नव्हती. पाण्याजवळचं काम, गळून पडली असेल, म्हटलं. दुकानदाराला चार शिव्या घातल्या, नवी जोडी टाकली, तारीख लिहिली.

"अक्का, हॉलमधलं घड्याळ पण बंद पडलंय की तुझं," मी उप्पीट खाता खाता म्हणालो.

"असू दे. मला कुठं गाडी गाठायचीय? तू घे अजून थोडं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी सेल ठीक, पण फवारे मुके. जाळी काढून बघितली तर ती मातीने गच्च भरलेली. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार असते तर समजलो असतो. पण लालसर माती? टाकीच्या पाण्यात?

"टाकी धुवायला झालीय वाटतं," मी म्हणालो.

"असेल बाबा. मला काय त्यातलं कळतंय? धपाटे केलेत, बस."

"एका हाताने धपाटे?"

"नसीमने थापले. मी शेकले."

मी बसलो, पण मनातून चरफडत. त्या दिवशी कंपूने नरसोबाच्या वाडीला जायचं ठरवलं होतं आणि सगळे माझ्यावाचून निघून गेले होते. अक्का दाजींचं काहीतरी सांगत होती. मी "हं, हं," करत होतो. काय सांगत होती ते आज कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिसरा फोन आला. गेलो. झाकण उघडलं. पुन्हा सेल मेलेले, पुन्हा पट्टी नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"अक्का, तू याला हात लावतेस काय?"

ती पायरीवर बसली होती. "मी? मी कशाला लावू?"

"मग हे सारखं बिघडतं कसं? तेहतीस वर्षं यंत्रं हाताळली मी, असं कधी बघितलं नाही! तुझाच हात लागत असणार. झाडायला जातेस, पुसायला जातेस, काहीतरी करतेस. मला काय दुसरे उद्योग नाहीत? सांगलीहून उठून यायचं, सेल टाकायचा, परत जायचं. आठवड्याला हाच धंदा!"

मी एवढा ओरडलो की भिंतीपलीकडे नसीमभाभींच्या हातातलं सूप थांबलं. प्लास्टरच्या कडेला आलेला दोरा अक्का ओढत बसली. मग उठली आणि म्हणाली, "चहा ठेवते."

"चहा नको मला!"

मी तो टायमर उपसून काढला आणि स्कूटरच्या डिकीत टाकला. दोन दिवसांनी दुसरा घेऊन आलो. थेट विजेवर चालणारा, सेलची भानगडच नाही. जाळी मोठी, टाकीजवळच्या नळीत बसवलेली. बाकी सगळं पत्र्याच्या पेटीत बंद केलं, पेटी भिंतीला ठोकली आणि तिला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

"झालं," मी हात झटकत म्हणालो. "आता कुणाच्या बापाचा हात लागणार नाही. आता सहा महिने मला यायला नको."

"चांगलं झालं की," अक्का म्हणाली. "तुझी दगदग वाचली."

आणि खरंच तो टायमर कधी बिघडला नाही. एकदाही नाही. जूनमध्ये पावसासाठी बंद करायला गेलो, ऑक्टोबरात चालू करायला गेलो, भाऊबीजेला ओवाळून घ्यायला गेलो. बाकी दर रविवारी फोन करायचो.

"टायमर चालू आहे ना?"

"चालू आहे."

"हात?"

"बरा आहे."

"मग ठेवतो."

हेमाचा फोन आला की मी सांगायचो, "बाग अशी फुललीय म्हणून सांगू! आई मजेत आहे तुझी." त्यातलं बागेचं तेवढं खरं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी, एका शुक्रवारी सकाळी आठला नसीमभाभींचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं.

"भूपालभाऊ, लवकर या. बाई पडल्यात. स्वयंपाकघरात. आम्ही दार फोडलं."

मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका दारात होती. अक्काला स्ट्रेचरवर घेत होते. ओठ फाटलेले, चेहरा राखेसारखा. खुब्याचं हाड मोडलं होतं. बुधवारी सूर्यास्ताआधी जेवण उरकून ती ताट ठेवायला उठली आणि पडली. उठता येईना. मोबाइल बाहेर हॉलमध्ये. हाका मारून घसा बसला. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ, ती तिथेच फरशीवर.

मी नसीमभाभींवर उखडलो. लाज वाटते सांगायला, पण उखडलो. "भाभी, तुम्ही शेजारी! परवापासून बाई दिसल्या नाहीत, तुम्हाला एकदा डोकवावंसं वाटलं नाही?"

त्या पदराने डोळे पुसत होत्या. "भाऊ, आधी बाई रोज साडेसहाला पाइप घेऊन उभ्या असायच्या. एक दिवस दिसल्या नाहीत तर मी हाक मारायची. आता पाणी आपलं आपण चालू होतं. काल सकाळी बघितलं तर फवारे फिरत होते. मला वाटलं, बाई उठल्यात, बस्तीत गेल्या असतील. काल संध्याकाळी पण पाणी चालू. आज गेटला दुधाच्या दोन पिशव्या लटकलेल्या बघितल्या, तेव्हा काळजात चर्र झालं."

मी मागच्या दाराशी गेलो. मागच्या अंगणात माती ओली होती, जास्वंदीची पानं टवटवीत होती. साडेसहाचं पाणी वेळेवर येऊन गेलं होतं.

दवाखान्यात दुपारी अक्काने डोळे उघडले. मी तिचा हात धरला, तोच, उजवा. मनगट किंचित वाकडं जुळलं होतं. ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

"भूपा," ती कुजबुजली, "किती वेळ झाला ते मला कळत होतं बघ."

"बोलू नकोस अक्का."

"पाणी यायचं ना. खट् वाजायचं आणि मग फवारे. चार वेळा आलं. चौथ्यांदा आलं तेव्हा म्हटलं, शुक्रवार उजाडला." मग ती म्हणाली, "एक मिनिट इकडेतिकडे नाही. बरोबर बोलला होतास तू."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच माझं कौतुक करत होती, आणि मला ढसाढसा रडावंसं वाटलं.

संध्याकाळी तिचे कपडे आणायला घरी गेलो. कपाटात लुगड्यांच्या घडीमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. कागदपत्रं असतील म्हणून उघडला. आत चार सेल होते, मऊ फडक्यात गुंडाळलेले. दोनांवर पांढरी चिकटपट्टी, माझ्या अक्षरात १२ मार्च. उरलेल्या दोनांवर २० मार्च.

माझ्या डिकीत सेल तपासायचा मीटर असतोच. आणला आणि एकेक तपासला. चारही भरलेले होते. एकालाही काही झालेलं नव्हतं.

मी पलंगावर बसलो. हॉलमधलं घड्याळ अजून बंदच होतं. उशाशी विजेरी होती, दाबून बघितली, लागली नाही. घरात चार चांगले सेल फडक्यात बांधून ठेवले होते आणि घड्याळ, विजेरी दोन्ही मेलेली. त्यांचेच संपलेले सेल तिने माझ्या टायमरमध्ये घातले होते. जाळीतली लालसर माती अबोलीच्या वाफ्यातली होती. आणि ते झाकण, जे मला दोन हातांनी निघायचं नाही, ते प्लास्टरमधल्या हाताने तिने कसं काढलं असेल? किती वेळ लागला असेल? मग फोन करायचा, न्हाऊन नीट लुगडं नेसायचं, उप्पीट करून झाकून ठेवायचं आणि माझ्या स्कूटरच्या आवाजाची वाट बघत बसायचं. आणि मी येऊन काय केलं? ओरडलो आणि पेटीला कुलूप ठोकलं. "भूपा, येत जा रे," एवढं तिने तोंडाने म्हटलं असतं तर? पण माझ्याकडून मागून घेण्याची सवय तिला कधी नव्हतीच. मागणारा मी, देणारी ती, असंच आमचं चाललं होतं.

मी मागे गेलो, पेटीचं कुलूप काढलं आणि टायमर बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसून म्हणालो, "अक्का, टायमर बंद पडला गं."

तिने मान वळवली. "काय झालं त्याला? चांगला चालत होता की."

"सेल संपले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे फाटलेले ओठ हलले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. "त्याला सेल कुठाय रे? तो तर विजेवरचा."

मी तिचं पांघरूण सारखं करत राहिलो. तिला कळलं, मी डबा बघितला ते. तिने माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि छताकडे बघितलं, चोरी सापडलेल्या पोरीसारखं.

"मग आता पाणी कोण घालणार?" तिने विचारलं.

"मी. रोज. साडेसहाला."

"ये मग," अक्का म्हणाली. "मी घरी आले की धपाटे करते."

पण ती त्या घरी आली नाही. शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारीत हेमाने तिला बेंगळुरूला नेलं. तेव्हा हेमा मला एका शब्दाने बोलली नाही. निघताना फक्त म्हणाली, "मामा, रोज म्हणाला होतात तुम्ही." आठव्या मजल्यावर अक्का दीड वर्ष काढून गेली. मी चार वेळा जाऊन आलो. खिडकीत तिने एका डब्यात मोगरा लावला होता आणि खाली बघायला नको म्हणून खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली होती.

मिरजेचं घर विकलं जाईपर्यंत मी रोज गेलो. पावसाळ्यातले दिवस सोडले तर एकही खाडा नाही. नसीमभाभी भिंतीवरून कधी कढीपत्ता मागायच्या, कधी नुसत्याच उभ्या राहायच्या. मी पाइप धरून जास्वंदीच्या बुंध्यात पाणी सोडायचो, पानावर नाही. अबोलीला हळू. लिंबाला पुष्कळ. पाणी घालून झालं की मी पायरीवर बसायचो, अर्धा-पाऊण तास, आणि घड्याळ बघायचो नाही.